विसरण्याला विसरणंच म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. विमल टेंभे यांची आणि माझी पहिली ओळख एका पट्टीवरून झाली. धसईचा बाजार होता. आमच्या ह्यांच्या पायाला बांधावरचं गवत कापताना विळा लागला होता. जखमेची पट्टी बदलायची म्हणून मी दुपारी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. बाई मुरबाडला राहत आणि बाजाराच्या दिवशी धसईला येत. बाहेरच्या बाकावर पाळी येईपर्यंत ऊन कलायला लागलं. आत गेल्यावर हे स्टुलावर बसले आणि पायाला चिखल लागू नये म्हणून गुंडाळलेलं फडकं सोडून त्यांनी पाय पुढे केला. बाईंनी पायाकडे पाहिलं, मग ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पट्टी मीच सकाळी बांधली आहे ना?"

पट्टी खरंच नवी होती. हे सकाळी खत बघायला म्हणून माझ्या आधी बाजारात आले होते, तेव्हाच दवाखान्यात जाऊन आले होते. आता त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. मी लाजून हसले आणि आमच्या गावात सगळे म्हणत तेच म्हटलं, की हे देवाच्या नादात असतात, यांना बाकीचं भान नसतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याशी न बोलता ह्यांनाच विचारलं, सकाळी इथे आला होतात ते आठवतं का. हे पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आलो असन."

त्या दोन शब्दांवर बाई थांबल्या. बाहेर बाक भरलेला होता, तरी त्यांनी दार लोटून घेतलं.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कामाबद्दल जाणती माणसं लिहितीलच. वाडीवस्तीवर जाऊन केलेली बाळंतपणं, कातकरी पाड्यावरची लसीकरणं, विंचू-सापाच्या दंशावर धावत जाणं, हे सगळं मोठं आहे आणि त्यांनी ते कधी मोठ्याने सांगितलं नाही. मी भातशेती करणारी, चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला एकाच गोष्टीबद्दल लिहिता येईल. बाईंनी आमच्या घरातल्या आजाराला त्याचं नाव दिलं. ते नाव दुसऱ्या कोणालाच द्यायचं नव्हतं.

आमच्या ह्यांचं नाव दामोदर. आसपासच्या गावांत त्यांना दामूबुवा म्हणत. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस हलत नसे. अभंग पाठ, गौळणी पाठ, कोणत्या चालीला कोणता ठेका हे पाठ. आमच्या भजनी मंडळात जुनी रीत आहे. भजनाला बसण्याआधी मठाच्या मागे चिलीम फिरते. मंडळाचे प्रमुख गणपतबुवा ती आधी कपाळाला लावतात, मग ती पुढे जाते. तिला गांजा म्हणत नाहीत, शंकराचा प्रसाद म्हणतात. दारू पिणाऱ्याला आमच्या मठात पायरी चढू देत नाहीत. चिलीम ओढणाऱ्याला गादीजवळ बसवतात.

हे लग्नाच्या आधीपासून त्या प्रसादाला लागलेले होते. पुढे भजन नसलं तरी चिलीम असायची. सकाळी गोठा झाडण्याआधी, दुपारी बांधावर, संध्याकाळी मठात. कधी कोणाशी भांडले नाहीत, माझ्यावर हात उगारला नाही, काम टाळलं नाही. म्हणून तक्रार करावी असं काही आहे हेच कोणाला वाटत नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर हे गाता गाता थांबू लागले. अभंग अर्ध्यावर यायचा, डोळे मिटलेले असायचे आणि आवाज थांबायचा. पखवाज वाजवणारा ठेका धरून ठेवायचा, टाळ हळू व्हायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा गणपतबुवांनी हात जोडले आणि म्हणाले, दामूची समाधी लागली. त्यानंतर ते नेमाचंच झालं. हे थांबले की माणसं उठून पाया पडायची. बाया लेकरं आणून त्यांच्या पायावर घालायच्या. लांबच्या, अगदी वैशाखऱ्याकडच्या मंडळांकडूनही बोलावणी येऊ लागली. ती अभंगासाठी येत नव्हती, त्या थांबण्यासाठी येत होती.

घरात तेच थांबणं निराळं दिसायचं. मीठ आणायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. खाचराला पाणी लावून यायचं आणि लावलंय हेच डोक्यातून जायचं, खालच्या शेतवाल्याचं रोप वाहून जायचं. एकच गोष्ट जेवताना तीनदा विचारायची. मी चिडले की सासूबाई म्हणत, "गो, संताच्या घरात आलीस, जरा सोसावं लागंल." मी सोसत होते.

तर त्या दिवशी बाईंनी दार लोटलं आणि ह्यांना तीन वस्तूंची नावं सांगितली. विळा, कणगी, लसूण. लक्षात ठेवा म्हणाल्या. मग पाऊस, रोप, मठ, झोप, तंबाखू, सगळ्याची चौकशी केली. चिलीम किती, कधीपासून, हेही त्यांनी चहा किती घेता इतक्याच साधेपणाने विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ह्यांनी खरं सांगितलं. शेवटी त्यांनी त्या तीन वस्तू विचारल्या. ह्यांना विळा सांगता आला. तोही पायाकडे बघून.

बाईंनी लगेच चिलमीवर बोट ठेवलं नाही. रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, तो वाढलेला निघाला. मेंदूचा फोटो काढायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुसरं कारण असेल तर ते सुटायला नको, असं त्या म्हणाल्या. सगळे कागद आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मी बाईंना आधी बाहेर बोलावून विचारायचा प्रयत्न केला होता, काय ते मला सांगा, यांना नको. तेव्हा त्यांनी मला परत आत आणलं होतं. "ज्याचं डोकं आहे त्याच्यासमोरच त्याबद्दल बोलायचं," म्हणाल्या. हा त्यांचा नेम मी पुढेही पाहिला. वेड्याच्या घरचे असोत, दारुड्याच्या घरचे असोत, पेशंटच्या पाठीमागे त्या एक शब्द बोलत नाहीत.

त्यांनी ह्यांना सांगितलं, तुमची कणगी रिकामी झालेली नाही. जुनं भात बरंचसं आत आहे. पण नवं ओतायला जाता ते तोंडाशीच सांडतं. इतकी वर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांत हे पुष्कळदा दिसतं. आत्ताच ऐकलेलं, आत्ताच केलेलं टिकत नाही.

तेव्हा हे बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. "बाई, लोकं पाया पडतात ना, तवा माझी समाधी नाय लागलेली. आत्ता कुठवर गायलो त्येच कळत नाय. म्या पुढची ओळ शोधीत असतो. आणि समोर सगळी हात जोडून."

बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग हे म्हणाले, "परत येल का?"

"सोडलंत तर काही परत येईल," बाई म्हणाल्या. "सगळं येईल असं मी म्हणणार नाही. किती येईल ते मला माहीत नाही. थांबा, बघू."

हे "थांबा, बघू" बाईंचं बोलणं साऱ्या मुरबाड तालुक्याला ठाऊक आहे. बाजारात त्यांना थांबा-बघू-बाई म्हणणारेही आहेत. आमचे हेच एकदा म्हणाले होते, यम आला तर बाईंना पुढं बसवा, त्यालाही थांबा म्हणतील. पण मला त्यांचं "मला माहीत नाही" जास्त मोलाचं वाटतं. आमच्याकडे भगताला माहीत असतं, मठाला माहीत असतं, औषधाच्या दुकानातल्या पोरालाही माहीत असतं. माहीत नाही म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं, आणि त्याच माणसावर माझा विश्वास बसला.

ह्यांनी चिलीम सोडली. पहिले आठवडे वाईट गेले. झोप नाही, घामाने अंथरूण भिजायचं, अन्नावर वासना नाही, बोलायला जावं तर अंगावर यायचे. बाईंनी हे होणार असं आधीच सांगितलं होतं, म्हणून मी टिकले. दर बाजाराला आम्ही जायचो. त्या बाकावर बसून मी वाचायला शिकले म्हटलं तरी चालेल. अक्षरओळख होती, पण वाचायची सवय नव्हती. दवाखान्यात जुने दिवाळी अंक आणि पुस्तकं एका फळीवर असत. मी बोट फिरवत वाचते हे बाईंनी पाहिलं. पुढच्या बाजाराला त्यांनी घरून मोठ्या टायपाचं एक पुस्तक आणलं. कळलं का असं त्यांनी कधी विचारलं नाही. कुठे अडलात, एवढंच विचारायच्या. अडलेला शब्द त्या सांगायच्या आणि मग पेशंटकडे वळायच्या. आज मी जे चार शब्द लिहिते आहे ते त्या फळीवरचे आहेत.

हळूहळू ह्यांच्यात फरक पडला. मला तो कळला तो असा, की एका बाजारी हे एकटे धसईला गेले आणि येताना बातमी घेऊन आले. अमक्याची म्हैस व्यायली, तमक्याच्या पोरीचं ठरलं, मुलगा आसनगावचा. मी भाकरी थापत होते, माझा हात थांबला. विसरणाऱ्या माणसाच्या तोंडून घरात बातमी येत नाही. कित्येक वर्षांत ह्यांनी बाहेरचं काही घरात आणलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही त्या म्हशीबद्दल किती वेळ बोललो असू.

त्याच सुमारास मठात भजन झालं आणि हे सबंध अभंग न थांबता गायले. त्यामागून दुसराही. मी बायांच्या बाजूला बसले होते. मला वाटलं, आता लोक खूश होतील. लोक वाट बघत बसले होते. ते थांबण्याची वाट बघत होते, आणि हे थांबतच नव्हते. भजन संपल्यावर पाया पडायला कोणी उठलं नाही. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "बुवांची आता लागत नाय गो. कायतरी बाधलं."

पुढच्या सप्ताहाला बाहेरच्या मंडळांचं बोलावणं आलं नाही. गणपतबुवा घरी आले, ओसरीवर बसले, चांगल्या मनानेच बोलले. म्हणाले, "दामू, डॉक्टरिणीनं तुझा देव काढून घेतला रे. आता गातोस तसं तर शाळेतलं पोर पण गातंय." हे खाली मान घालून ऐकत होते. त्यांना सगळं आठवू लागलं होतं, त्यात लोक आपल्याला काय समजत होते हेही होतं. महाशिवरात्रीला ते मठात गेले ते दुसऱ्या दिवशी परत आले. अंगाला चिलमीचा वास होता.

मला वाटलं, आता बाई दार बंद करतील. इतके कष्ट घेतले, माणसाने मातीत घातले. मी एकटीच गेले आणि सांगितलं. बाई म्हणाल्या, रक्तदाबाच्या गोळ्या तरी चालू ठेवा, आणि त्यांना घेऊन या. हे पुढच्या बाजाराला आले, दारातच उभे राहिले. बाईंनी नुसतं "आलात, बसा," म्हटलं आणि रक्तदाबाचा पट्टा उचलला. तेव्हाही तीन वस्तू विचारल्या. एकही सांगता आली नाही. बाईंनी त्या पुन्हा सांगितल्या. नंतरच्या दोन वर्षांत ह्यांनी पुष्कळदा सोडली आणि पुष्कळदा धरली. दर वेळी बाईंनी त्यांना त्याच स्टुलावर बसवून घेतलं.

घरी गोळी मी हातावर देत होते. मठाच्या सप्ताहात हे तिकडेच राहायला गेले, गोळ्या खिशात दिल्या होत्या. त्या खिशातच राहिल्या. सप्ताह संपायच्या आधी ह्यांची एक बाजू गेली आणि मुरबाडला पोचेपर्यंत प्राण गेला. मठातल्या लोकांना बराच वेळ कळलं नव्हतं. हे टेकून बसले होते, डोळे मिटलेले होते. बाजूचे हात जोडून होते.

मी बाईंना विचारलं, गांजानेच गेले का? मला हो ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, गोळ्या चुकल्या हे नक्की. त्या कशाकशाने चुकल्या आणि चुकल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मला ठरवता येणार नाही. माझ्या समाधानासाठीसुद्धा त्या खोटं बोलल्या नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर माइक असतो. पिंड ठेवले की गेलेल्या माणसाबद्दल चार माणसं बोलतात. गणपतबुवा बोलले. दामूबुवा समाधीतच गेले, असं मरण योग्याला येतं, मठाशेजारी त्यांचा ओटा बांधू, त्यावर त्यांची चिलीम ठेवू, तरुणांनी तिथे माथा टेकवावा. तरुण समोरच होते. त्यांत माझा मुलगा महेश होता. तो मंडळात पखवाज वाजवतो, तेव्हा चिलमीलाही बसायचा, आसनगावच्या बाजूला गोदामात कामाला आहे आणि शहापूरला खोली घेऊन राहतो. बापासाठी त्याचं डोकं त्या दिवशी भादरलेलं होतं, आणि ओट्याचं ऐकून त्याची मान वर झाली.

बाई बायकांमध्ये माझ्याजवळ उभ्या होत्या. त्या माझ्या कानाशी वाकल्या. दवाखान्यात ह्यांनी जे सांगितलं ते दुसऱ्यांना सांगायचा आपल्याला हक्क नाही, ते आता तुमचं आहे, तुम्ही म्हणालात तर बोलेन, नाहीतर नाही, असं त्या म्हणाल्या. मी महेशकडे पाहिलं. मग बाईंना म्हटलं, बोला.

बाईंचा आवाज लहान आहे. माइकवरही तो लहानच वाटला. त्या म्हणाल्या, दामूबुवा फार चांगले गायचे. त्यांची आठवण गांजाने दुबळी झाली होती आणि हे त्यांना स्वतःला माहीत होतं. गाताना ते थांबायचे तेव्हा पुढची ओळ शोधत असायचे, असं त्यांनीच मला सांगितलं. मग म्हणाल्या, "इथे कितीतरी जणांना ते अभंग पाठ आहेत. आपण सगळे त्यांच्या पाया पडलो. ओळ कोणी सांगितली नाही."

मग गणपतबुवा म्हणाले, "बाई, तुमी सुया टोचा. देवाचं आमाला कळतं." काही माणसं हसली. बाई माइक खाली ठेवून परत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि सगळे विधी होईपर्यंत तिथेच होत्या.

त्यानंतर आमच्या गावची बरीच माणसं बाईंच्या दवाखान्यात जायची बंद झाली. ओटा झाला. त्यावर चिलीम आहे, सोमवारी नवी पोरं तिथे बसतात. मी त्या बाजूने जात नाही. महेशने बापाची इज्जत घालवलीस म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं. घरी यायचा, जेवायचा, जायचा. शिमग्यापर्यंत असंच चाललं. मग एका बाजारी बाईंच्या बाकावर तो मला बसलेला दिसला. मी रक्तदाब दाखवायला गेले होते, आम्हा दोघांनाही एकमेकांची कल्पना नव्हती. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "काल गोदामात एकच गाडी दोनदा मोजली. शेठ बोलला, तुझा बाप पण असाच होता का?"

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि तीन वस्तू सांगितल्या. निराळ्या. त्याला दोन आठवल्या. तो म्हणाला, बरं होईल ना? बाई म्हणाल्या, तू तरुण आहेस, आत्ता सोडलंस तर पुष्कळ आशा आहे. शब्द देत नाही. थांब, बघू. आज तो सोडतो आहे. मधे एकदा घसरला होता, त्याने स्वतःच जाऊन बाईंना सांगितलं. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. असं लिहायलाही मी बाईंकडूनच शिकले.

या ग्रंथात सगळे जण बाईंना शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. मीही मागते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. दर बाजाराला तो स्टूल आणि त्यासमोर बाई असाव्यात असं माझ्या घराला अजून पुष्कळ वर्षं वाटणार आहे. पण वर्षं मिळणं निराळं आणि त्या वर्षांत आपण आपल्याला सापडणं निराळं, हे मी जवळून पाहिलं. म्हणून बाईंचे गुडघे, बाईंची नजर धड राहो, आणि ज्या हजारो माणसांची नावं त्यांच्या तोंडात आहेत ती शेवटपर्यंत तिथेच राहोत. मागच्या बाजारी माझं नाव उच्चारताना त्या क्षणभर अडल्या आणि ओशाळल्या. बाई, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. कधी अडलात तर आम्ही हात जोडून गप्प उभे राहणार नाही. आम्ही नाव सांगू.